आतड्यातला शब्द

१२ डिसेंबर १९९९, रविवार

पहिल्यांदा आली ती शेजारची रूपाबाई, जीप तिच्या मागून आली. जीपच्या आधी पोचायचं म्हणून ती बाभळीच्या आडवाटेनं पळत आली होती, एका पायात चप्पलच न्हाई. म्हणाली, "पंचफुला, तुझ्याच घरी येऊन राहिलेत! चष्म्याची एक बाई हाय आन एक म्हातारा बाप्या. स्टँडावर इचारत होते, मेंढरं कोणाकडं हायेत म्हणून. किरिस्ताव लोक हायेत. धर्म बदलाया आले असतील. चहा देऊ नको." असं म्हणली आणि सोताच चुलीपाशी बसली, चहा झालाच तर आपल्याला मिळावा म्हणून.

मग जीप आली. बाईचं नाव पद्माबाई, जालन्याकडच्या. पाद्री लोकांच्या कॉलेजात शिकवतात. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असतील, पण केस सगळे पांढरे. बाप्या वसमतचा, शाळेतून रिटायर झालेला. त्यानं नाव सांगितलं परमेश्वर. मी म्हणलं, "देवाचं सांगाया आले आन नावच देवाचं?" तो म्हणला, "आजोबानं ठेवलं, मावशी. धर्म बदलला पण शाळेच्या दाखल्यावरचं नाव कोण बदलीत बसतंय." सगळे हसले. रूपाबाई हसली न्हाई, मग थोडी हसली.

रूपाबाईला तोंड आवरत न्हाई. तिनं इचारलंच, "आमाला बाटवाया आलात व्हय?" पद्माबाई रागावल्या न्हाईत. म्हणल्या, "बाई, आम्ही शब्द शोधायला आलोय, माणसं न्हाई."

काम असं आहे. त्यांचं शास्त्र पहिल्यांदा ग्रीक भाषेत लिहिलं होतं, दोन हजार वर्षांमागं. मराठीत ते लई दिवसांपासून आहे, पण ते आपल्याकडच्या बोलीत उतरवायचं यांनी मनावर घेतलं आहे. त्यात मेंढरांचं लई येतं. म्हणून मेंढरावाल्याला इचारायला आले. आणि एका शब्दापाशी त्यांची गाडी अडून बसली आहे. तो शब्द त्यांनी चार वेळा म्हणून दाखवला, मला एकदाबी म्हणता आला न्हाई. परमेश्वरभाऊंनी माझ्या याच वहीत लिहून दिला. स्प्लांख्ना. लिहिलेला वाचता येतो, म्हणता येत न्हाई, असं कसं काय असतं?

त्याचा अर्थ जनावराच्या पोटातला ऐवज. काळीज, कलेजी, फोफसं, गुर्दे. पद्माबाई म्हणल्या, ग्रीक लोक देवाला जनावर कापायचे तवा हे आतलं आधी काढायचे, निखाऱ्यावर भाजायचे, आणि जवळ बसलेल्यांनी सगळ्यांनी मिळून पहिला घास त्याचा खायचा. बाकीचं मटण मागून.

हे ऐकून आमचे हे (नाव लिहायला लाज वाटते, पण वहीत कोण बघतंय, रखमाजी) बाजेवरून उठूनच बसले. "मंजी आमच्यावाणीच! मरीआईला बोकड दिला की आधी काळीज निखाऱ्यावर. ज्यानं पाय धरले त्याला बी एक तुकडा. मग ते लोक धनगर होते काय?" पद्माबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. म्हणल्या, "तसं कुठं लिहिलेलं न्हाई, पण मला आता वाटायला लागलंय."

मग म्हणल्या, पुढं त्या आतड्याचा अर्थ वाढत गेला. दुसऱ्याकडं बघून पोटात जे हालतं, त्याला हाच शब्द. येशूच्या गोष्टीत तो येतो. त्यानं गर्दी बघितली, धनगराविना मेंढरांसारखी, दमलेली, विखुरलेली, तवा त्याच्या आत असं झालं. "तुम्ही त्याला काय म्हणता?"

मी म्हणलं दया. रूपाबाई म्हणली कीव. हे म्हणले माया. पद्माबाईंनी सगळं लिहून घेतलं, पण मान हलवली ती अर्धीच.

राधिका, माझी सून, कप न्यायला आली आणि तशीच आत गेली. ती बोलतच न्हाई.

१४ डिसेंबर, मंगळवार

साक्षरतेच्या वर्गाला जाऊन मला चार वर्षं झाली. मास्तरीण म्हणली होती, रोज चार ओळी लिहीत जा, न्हाई तर अक्षराला गंज चढतो. रोज कुठलं, पण काही घडलं की लिहिते. आता आपला जिल्हाबी हिंगोली झाला. वर्गात मी पत्ता लिहायला शिकले तवा परभणी शिकले होते, ते सगळं पुसावं लागलं.

आज रागू कोकरांमागं कोकरू होऊन फिरली. चार पायांवर. गुडघे लाल करून आली आणि म्हणते, "आजी, मला पाला दे." तुरीच्या शेंगा दिल्या. एकेक दाणा तोंडात टाकून डोळे मिटून चावते, माझी पारूबी तशीच चावायची. धुकं वर चढेस्तोवर मी तिच्याकडं बघतच बसले, चुलीवरचं दूध उतू गेलं. जाऊ दे गेलं तर. एवढं सुख बघायला मिळालं की दुधाचं काय.

रागू म्हणजे रागिणी, माझ्या पारूची लेक, चार वर्षांची. पारू तापानं गेली तवा ही अकरा महिन्यांची होती. तवापासून माझ्याकडं. जावई भागवतराव सेनगावकडचे, माणूस वाईट न्हाई. त्यांनी दुसरं लग्न केलं, ते तरी काय करतील. पण आता निरोप आला आहे की संक्रांत झाली की येतो, तेवीस तारखेच्या रविवारी, आणि रागूला नेतो. शिवहार, माझा लेक, त्यांच्या हातापाया पडून आला. तवा ते म्हणले, "मामी तिला आपली म्हणून सांभाळणार असतील तर राहू द्या. त्यांनी त्यांच्या तोंडानं सांगावं. म्हातारीच्या भरवशावर मी माझं लेकरू ठेवणार न्हाई." म्हातारी म्हणजे मी. खरं बोलले, मी काय जन्माला पुरणार आहे?

म्हणजे सगळं राधिकाच्या एका बोलण्यावर आलं. आणि राधिका दगड.

तसं ती करते सगळं. जेवू घालते, वेणी घालते, पण मांडीवर घेत न्हाई. रागू "मामी, मामी" करत तिच्या लुगड्याला धरते, तर ही लगेच माझ्याकडं बघते आणि लुगडं सोडवून घेते. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिला लेकरू न्हाई. दवाखाने झाले, औंढ्याला नागनाथाला नवस झाले. अशा बाईनं तर झडप घालून घ्यायला पाहिजे. काहून घेत न्हाई?

पहिल्या दिवशी घेतलं होतं तिनं. पारूला नेलं तवा रागू रडत होती, राधिकानं तिला उचलून छातीशी लावलं. मी तिच्या हातातून काढून घेतली. म्हणलं, "ठेव. ज्याच्या पोटी निपजलं न्हाई त्यानं आईविना लेकराला हात लावू नये." लेक गेल्याच्या दुःखात बोलले. अशा वेळी माणूस काय काय बोलतं, कोण ध्यानात ठेवतंय.

२१ डिसेंबर, मंगळवार

काळ्या मेंढीचं कोकरू गेलं. त्याच दिवशी चितरी मेंढी विऊन मेली आणि तिचं कोकरू मागं राहिलं. असं झालं की आमी मेलेल्या कोकराचं कातडं जित्याला पांघरतो आणि त्याला मेंढीच्या पाठीमागून लावतो. वास ओळखीचा वाटला की ती घेते. कधी पाठीवर मीठबी चोळतो, म्हणजे ती चाटायला लागते, चाटता चाटता जीव जडतो.

सगळं केलं. मेंढी हुंगते, पान्हा भरून आला आहे, गळून चालला आहे, पण कोकरू जवळ आलं की बाजूला होते. मी धरून धरून लावते. माझे हात दुधानं चिकट झाले.

राधिका मेंढरांच्या वाडग्याच्या काटेरी कुंपणाशी उभी राहून बघत होती. मी म्हणलं, "बघ, सड भरलेत तरी घेत न्हाई, कसलं काळीज असंल." ती म्हणली, "भरलेत म्हणून तर तकलीफ होत असंल तिला, आत्याबाई." आणि घागर घेऊन निघून गेली.

जाता जाता एक लिहून ठेवते. रागूला मागच्या आठवड्यात ताप होता. सकाळी उठले तर तिच्या कपाळावर ओली पट्टी होती, ताजी. मीच झोपेत ठेवली असणार. म्हातारपणाचं काही सांगता येत न्हाई.

२ जानेवारी २०००, रविवार

नवीन साल लागलं. शिवहार म्हणला दोन हजार साल लागलं की कुठं कुठं यंत्रं बंद पडणार होती. आमच्याकडं काहीच बंद पडलं न्हाई. लाईट गेली, ती रोजच जाते.

पद्माबाई आणि परमेश्वरभाऊ परत आले. मी हुरडा भाजला होता. आमी सगळे आगटीभोवती बसलो, ऊन कोवळं, मेंढरं लांब टेकडावर पांढऱ्या ढगासारखी, आमचे हे तिकडं. मला तर वाटलं की असंच बसून राहावं, तेवीस तारीख यायचीच न्हाई.

पद्माबाईंनी एक गोष्ट सांगितली. एका बापाचा धाकटा पोरगा वाटणी मागून घेऊन गेला, सगळं उधळलं, डुकरं राखायची पाळी आली, मग लाजून घराकडं निघाला. तो लांबवर असतानाच बापानं त्याला बघितलं. तिथं तो शब्द आहे. बापाच्या आत असं हाललं, आणि म्हातारा पळत सुटला. "घरंदाज म्हातारा माणूस, चार लोकांत पळत सुटला," पद्माबाई म्हणल्या. "त्या मुलखात मोठी माणसं पळत नसत. लाज वाटायची."

रूपाबाई म्हणली, "आमच्याकडं बी सून पळाली तर वर्षभर बोलतेत." रूपाबाई हुरडा खायला आली होती, धर्माची भीती तिची आता गेली आहे.

मग मी म्हणलं, "आमच्यात अशा वेळी आतडं तुटतं म्हणतात." पद्माबाई खूश झाल्या. म्हणल्या हे जवळ आलं. मग थांबून म्हणल्या, "पण आतडं तुटून माणूस बसून राहिला तर? या शब्दाचं एक आहे. येशूच्या आत असं हाललं असं जिथं जिथं लिहिलंय, तिथं तो गप्प बसलेला न्हाई. महारोग्याला हात लावतो. उपाशी लोकांना भाकर देतो. विधवेचा पोरगा तिरडीवर असतो, तर तिरडीला हात लावतो. हा शब्द आला की मागून हात येतोच."

आतून राधिका बोलली. मी चकितच झाले, कारण ती दाराआडून परक्यांशी कधी बोलत न्हाई. म्हणली, "पोटात कालवतं. पण ज्याचा हात धरून ठेवलाय त्यानं काय करावं, बाई?"

पद्माबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या एकदम वेगळंच बोलायला लागल्या. म्हणल्या, येशू ज्यू लोकांतला. त्यांच्या जुन्या भाषेत मायेला जो शब्द आहे तो बाईच्या पिशवीच्या शब्दातून निघालेला. गर्भ राहतो ती पिशवी. ग्रीकांचा शब्द आतड्याचा, यांचा पिशवीचा.

राधिका म्हणली, "त्यांना लेकरं होती?"

"कुणाला?"

"येशूला."

"न्हाई. लग्नच केलं न्हाई."

"आन तरी बी हा शब्द त्यांच्यासाठीच लिहिला?"

"जास्त करून त्यांच्यासाठीच, बाळ."

मग राधिका बाहेर आली, हुरड्यात घालायला दही आणलं होतं, आणि तिनं सगळ्यात आधी रागूच्या वाटीत टाकलं. तोंडावर कसलं तरी हसू होतं. लेकरं नसलेल्या माणसाचं ऐकून हसायचं काय त्यात? ती तिरपंच बोलते आणि तिरपंच हसते.

जाताना पद्माबाईंना मी रागूचं सगळं सांगितलं. म्हणलं, तेवीसला या, शिकलेलं माणूस घरात असलं की जावई नीट बोलतो. त्या म्हणल्या, "येते. पण पंचफुलाबाई, तुम्ही सुनेचं ऐकलं ना?" मी म्हणलं ऐकलं की, कानांनी अजून चांगलं ऐकू येतं.

६ जानेवारी, गुरुवार

मला एक युक्ती सुचली आणि मला माझंच हसू येऊन राहिलंय. मेंढी कोकरू घेत न्हाई तर आमी काय करतो? दोघांना एका कोंडीत कोंडतो आणि बाकीची मेंढरं बाहेर काढतो. मी उद्या औंढ्याला माझ्या भावाकडं जाते, मुंजाजीकडं. तीन दिवस. हे मेंढरांमागं असतात, शिवहार तूर काढायला. घरात राधिका आणि रागूच. कुणाला सांगितलं न्हाई. पिशवीत लुगडं भरताना रागूनं इचारलं, "आजी, तू कोकरू आणाया चालली?" म्हणलं, व्हय गं माझी बाय, कोकराच्याच कामाला चालले.

पण राधिकाला जाताना चार वेळा सांगून ठेवलं. दूध कोमट दे, थंड देऊ नको. न्हाणी घालताना डोळ्यात साबण घालू नको. लाडू माझ्या डब्यातला दे. आगटीपाशी जाऊ देऊ नको. ती प्रत्येक वेळी "व्हय" म्हणली.

१० जानेवारी, सोमवार

एक दिवस आधीच येणार होते, कशीबशी राहिले. देवळापाशी बसले तर परड्या विकणाऱ्या बाईची पोर रागूसारखी दिसली, उगीच तिला पेढा दिला. मुंजाजी म्हणला, "अक्का, तुझं शरीर इथं हाय, जीव बसनं परत गेला."

एसटीतून उतरून घराशी आले तर ओट्यावर राधिका रागूची वेणी घालत होती. दोघी काही तरी गुणगुणत होत्या, दोघींचं डोकं एकाच ठेक्यात डुलत होतं. मला बघितलं आणि राधिका उठून उभी राहिली. वेणी अर्धीच राहिली. रागू माझ्याकडं पळत आली. मी उरलेली वेणी घातली. म्हणजे युक्तीचा काहीच उपयोग झाला न्हाई.

वाडग्यात गेले तर तिथंबी तसंच. मी परत कोकरू धरून मेंढीला लावायला गेले, तर आमचे हे माझ्यावर ओरडले. जन्मात चार वेळा ओरडले असतील.

"हात काढ! किती दिस सांगून राहिलोय. तू सारखी धरतीस, कोकराला तुझाच वास लागलाय. मेंढी घ्यायला येती आन तुझा हात बघून मागं सरकती. मेंढी वाईट न्हाई, तू घेऊ देत न्हाईस."

मग त्यांनी कोकराला मेंढीच्याच लोकरीनं पुसलं. मेंढीच्या बसायच्या जागी ठेवलं. आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पाठ फिरवून बसवलं. त्यांच्या बापाची रीत आहे ही. दिलं की पाठ करायची, बघायचं न्हाई. बघितलं की ते देणं झालं न्हाई, राखणं झालं.

आमी दोघं पाठ करून बसलो, टेकडाकडं तोंड. मला मागं वळून बघायची इतकी इच्छा की मान दुखायला लागली. लई वेळानं मागून चुकचुक आवाज आला. दूध पिताना येतो तो. हे तोंड दुसरीकडं करून म्हणले, "ऐकलं?" त्यांचे डोळे भरले होते, पण ते म्हणतील धुळीनं.

१५ जानेवारी, शनिवार

संक्रांत झाली. दुपारी अंगणात बाजेवर डोळा लागला. स्वप्नात पारू मेंढरांत उभी होती, गुडघ्याएवढ्या धुक्यात. तिच्या हातात काही न्हाई. मी म्हणलं, "पारे, लेकरू कुठंय?" ती म्हणली, "तूच काढून घेतलं न्हवं का, माय." मी म्हणलं, "तुझ्याकडून न्हाई गं." ती म्हणली, "माझ्याकडून न्हाई." मग मेंढरांचा आवाज झाला आणि ती मेंढरातलीच एक झाली.

उठले तर अंगावर गोधडी होती. नवीन गोधडी, अजून एक बाजू शिवायची राहिलेली, लहान, लेकराच्या मापाची. राधिकाच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचे तुकडे त्यात होते. माझे पाय बाहेर राहत होते. ही तिनं कवा शिवायला घेतली? कुणासाठी?

मी तशीच पडून राहिले. मला एकेक आठवायला लागलं. ताजी ओली पट्टी. लुगडं सोडवून घेताना ती आधी कुणाकडं बघते ते. ज्याचा हात धरून ठेवलाय. आणि मी पहिल्या दिवशी काय बोलले ते. मी लिहून ठेवलं होतं, कोण ध्यानात ठेवतंय म्हणून. मागं जाऊन वाचलं. अक्षर माझंच आहे.

बोलावं वाटलं, पण सुनेला काय म्हणून बोलायचं, ते मला वर्गात कुणी शिकवलं न्हाई.

२३ जानेवारी, रविवार

घाईनं लिहिते, अक्षर वाकडं येईल.

भागवतराव सकाळच्या जीपनं आले, त्यांचे चुलते तातेराव बरोबर. रागूला नवा झगा आणला, गुलाबी. पद्माबाई आणि परमेश्वरभाऊ आधीच आले होते. चहा झाला. रूपाबाई भिंतीपलीकडं होती, दिसत नव्हती पण होती.

भागवतराव राधिकाला म्हणले, "मामी, मी सरळ इचारतो. ही तुमाला पाहिजे का? तुमी सांगा. दुसऱ्या कुणी सांगू नये."

राधिका दारात उभी, हातात पाण्याची कळशी, नुकतीच आडावरून आलेली. तिनं तोंड उघडलं. आणि माझ्याकडं बघितलं. तेच बघणं. मी तीन वर्षं त्याला दगडपणा समजले. ती इचारत होती. तीन वर्षं ती रोज मला इचारतच होती.

तातेराव म्हणले, "बोलत न्हाईत. चला मग, जीप थांबली हाय."

रागू माझ्या मांडीवर होती, माझ्या पदराची गाठ सोडत बसली होती. मी तिला उतरवलं. पदरानं तिचं तोंड पुसलं, मग माझाच पदर आहे, माझाच वास लागेल, हे ध्यानात आलं आणि थांबले. तिला अंगणाच्या मधोमध उभं केलं. म्हणलं, "राधिका, पारूला नेलं त्या दिवशी मी जे बोलले ते वंगाळ बोलले. तुझा हात मी धरला होता. आता सोडला."

आणि मी भिंतीकडं तोंड करून बसले. सगळ्यांकडं पाठ.

तातेराव म्हणले, "आता म्हातारीला काय झालं? रुसली व्हय?" आमचे हे म्हणले, "गप बसा, पावणं. आन बघू नका." हेबी पाठ करून बसले, माझ्या शेजारी. दोघं म्हातारे भिंतीकडं तोंड करून, भिंतीवर एक मुंगळा वर चढत होता, अजून दिसतो मला.

मी काहीच बघितलं न्हाई. ऐकलं ते लिहिते. आधी रागूची पैंजणं, दोन पावलं, थांबली. मग कळशी पडली. ठेवली न्हाई, पडली. पाणी माझ्या टाचेपर्यंत आलं, गार. मग बांगड्या. मग पळाल्याचा आवाज. आमचं अंगण केवढं, दहा पावलांचं, पण कुणी दहा पावलं इतकी जोरात पळालेलं मी ऐकलं न्हाई. मग राधिकाचा आवाज, फाटलेला, "माझी हाय! माझी हाय ही! कुणाला देणार न्हाई मी!" आणि रागू ओरडली, "मामी, तू भिजलीस!"

मी वळले न्हाई. आमच्या ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता, वळू नये म्हणून. कोणाचा हात कवा धरायचा आणि कवा सोडायचा, हे त्यांना मेंढरांकडून कळतं.

मग भागवतराव बोलले. "मला एवढंच ऐकायचं होतं, मामी. झगा राहू द्या. मी मधून मधून येत जाईन." गडी रडत होता. पारूवर त्याचाबी जीव होता, मला एवढ्या दिवसांत ते सुद्धा सुचलं न्हाई.

मागनं पद्माबाईंनी मला सांगितलं की राधिकाचा पदर डोक्यावरून पडला होता, ती तशीच पळाली, तातेराव समोर असून. भिंतीपलीकडून रूपाबाई म्हणली, "मी कुणाला सांगणार न्हाई." म्हणजे आता सगळ्या गावाला कळेल. कळू दे की.

मी म्हणलं, "पद्माबाई, तुमचा शब्द?" त्यांच्या कागदावर दया, कीव, माया, आतडं तुटतं असं सगळं लिहिलेलं होतं, आणि प्रत्येकाखाली रेघ. त्या म्हणल्या, "शब्द तुमच्या घरात होताच. पोटात कालवलं आणि पळत सुटला. दोन्ही जोडून लिहावं लागेल, एकाला सोडून दुसरं लिहून भागणार न्हाई." मग परमेश्वरभाऊंना म्हणल्या, "लिहून घ्या." ते म्हणले, "बाई, मला आत्ता दिसत न्हाई, थांबा जरा."

२४ जानेवारी, सोमवार

आज रागूनं मला इचारलं, "आजी, तू आता माझी कोण?" म्हणलं, "तुझ्या मामीची सासू." ती हसून हसून कोकरागत लोळली. काळी मेंढी कोकराला लांब जाऊच देत न्हाई, उगीच ओरडते. वेणी आज राधिकानं पुरी घातली. मी ओट्यावर बसून बघितलं, लांबूनच. मला लई मजा वाटली. आणि थोडं पोटात कालवलं, ते कशानं ते मी इथं लिहीत न्हाई.

गोधडीची चौथी बाजू शिवून झाली. माझे पाय त्यात कधीच मावणार नव्हते.

पद्माबाई ते पान नीट लिहून आणणार आहेत, आमाला वाचून दाखवायला, पळणाऱ्या म्हाताऱ्याचं. राधिकानं सांगून ठेवलंय की ती दाराआड बसणार न्हाई. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणलेत, पाच मार्च, रविवार.